परत न येणारं पुस्तक

लोकांना नको झालेल्या वस्तू आमच्या टेबलावर येतात. भिवंडीजवळच्या वळ गावाच्या हद्दीत एका मोठ्या गाळ्यात, म्हणजे गोदामात, मी रिटर्नच्या खात्यात काम करते. घरबसल्या मागवलेली वस्तू गिऱ्हाइकाला आवडली नाही, मापात बसली नाही, फुटकी निघाली, की ती फिरून आमच्याकडं. आम्ही खोका फोडायचा, वस्तू उलटीपालटी करून बघायची, स्कॅनर मारायचा आणि ठरवायचं: नवी म्हणून पुन्हा विकायची, स्वस्तात काढायची की भंगारात टाकायची. सगळं उभ्यानं. माझ्या टेबलाला पुस्तकं, खेळणी आणि वह्या-पेनं.

या कामात डोळ्यांना एक सवय लागते. पुस्तक मिटून त्याची कड बघितली की गिऱ्हाईक कुठवर गेलं ते कळतं. उलटलेली पानं जरा फुगलेली, मळकट दिसतात आणि न उलटलेली पांढरीफेक. कम्प्युटर शिकवणारी जाड पुस्तकं आली की ही मळकी पट्टी बोटभरसुद्धा नसायची. माणसानं मोठ्या हौसेनं मागवलं, दोन-चार बैठका मारल्या आणि कारणाच्या रकान्यात ‘अपेक्षेप्रमाणे नाही’ लिहून परत धाडलं. मला हसू यायचं. पुढं माझ्यावरच ती पाळी आली तेव्हा आलं नाही.

झालं असं की आमचं खातं इथून हलणार अशी बातमी आली. रिटर्नचं काम दिवाळीनंतर दुसऱ्या राज्यातल्या गाळ्यात जाणार. आम्ही सगळ्या कंत्राटावरच्या. कुणाला पॅकिंगला घेतील, कुणाला घरी पाठवतील, कुणी सांगेना. माझं घर किनवटच्या पलीकडं. भाऊ-भावजयीच्या पाठोपाठ मी भिवंडीला आले होते. ती दोघं कंटाळून परत गेली, मी राहिले. परत गेले तर पुन्हा चूल आणि दुसऱ्याच्या वावरातलं निंदण, हे मला पक्कं ठाऊक होतं. शाळाही चुलीपायीच सुटलेली. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि भाकरी थापायला घरात कुणीतरी लागत होतं.

अशा दिवसांत सिस्टीमवाल्या मॅडमनी मला वर बोलावलं. गाळ्यात एका बाजूला लोखंडी जिना आहे, त्याच्या टोकाला काचेची खोली. तिथं कम्प्युटर, पंखे आणि खुर्च्या. स्कॅनर अडकला की सांगायला मी जायची, तेवढीच आमची ओळख.

“ताई, मला खालच्या लोकांतून एक जण हवाय, हाताशी,” त्या म्हणाल्या. “बारीकसारीक प्रोग्राम दुरुस्त करता आले पाहिजेत. शिकाल?”

“मॅडम, मी नववी. ती पण अर्धी.”

“असू द्या. इथं मार्कशीट कोण बघतंय? दिवाळीनंतर मी तुम्हाला समोर बसवून थोडं विचारीन. जमलं तर जागा तुमची. तोवर पायथन नावाच्या कम्प्युटरच्या भाषेचं एखादं बिगिनरचं पुस्तक घ्या आणि सुरुवात करा.”

“कुठलं घेऊ?”

“कुठलंही घ्या हो. सगळ्यांत सारखंच असतं.”

मॅडम माझ्या धाकट्या भावाहूनही लहान आहेत. तरी त्या वेळी मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. मला आजवर कुणी ‘शिकाल का’ असं विचारलं नव्हतं. पण ‘कुठलंही घ्या’ या त्यांच्या बोलण्यानं माझा किती जीव खाल्ला, ते त्यांना अजून माहीत नाही. ज्याला पोहता येतं त्याला सगळं पाणी सारखंच असतं.

सुट्टीच्या दिवशी शेअर रिक्षानं धामणकर नाक्याला गेले. तिथं शाळेच्या पुस्तकांचं एक दुकान आहे. एका बाजूला गाईडं, दुसऱ्या बाजूला कंपासपेट्या आणि मधे वैतागलेला दुकानदार.

“कम्प्युटरचं सुरुवातीचं पुस्तक दाखवा. मराठीत.”

“कितवीला आहे मुलगा?”

“मलाच पाहिजे.”

त्यानं मान वर करून बघितलं. “मराठीत? मराठीत कोण शिकतंय कम्प्युटर? थांबा.”

आतून त्यानं धूळ झटकत एक पुस्तक आणलं. उघडलं. ‘आज्ञावलीतील चलाचे मूल्य पुनरावर्तनादरम्यान परिवर्तनीय असते.’ मी तिथंच उभी राहून हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. सगळी अक्षरं माझ्या ओळखीची, भाषा माझ्या आईची, आणि मला काही म्हणजे काही कळेना. इंग्रजी कळलं नाही तर माणूस म्हणतो, आपण शिकलो नाही. मराठीच कळलं नाही तर काय म्हणायचं? दुकानदारानं मग इंग्रजी गठ्ठा काढला. एकावर ‘सोपं’, एकावर ‘अगदी सोपं’, एकावर ‘आठवड्यात शिका’. आतली पानं तिन्हींची तशीच गिचमिड.

“ह्यातलं चांगलं कुठलं?”

“ताई, मी विकतो. वाचत नाही.”

रिकाम्या हातानं परतले. फोनवर व्हिडिओ लावून बघितले. त्यातला माणूस दर मिनिटाला ‘बहोत आसान है दोस्तो’ म्हणायचा आणि मला वाटायचं, सगळ्या दोस्तांना कळतंय, मीच एक ठोंबी उरलेय.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक चाचा आहेत. उमर कापड विणायच्या लूमवर गेली. लूम बंद पडले तसे इथं कपड्यांच्या रिटर्नला आले. कापडाला नुसता हात लावून वापरलेलं की कोरं ते सांगतात. त्यांना मी माझं गाऱ्हाणं सांगितलं.

“पायथन मतलब अजगर ना?” चाचा म्हणाले. “बेटा, तू अजगर पालेगी? कंपनी कमी पडली काय गिळायला?”

“चाचा, मस्करी नको. पुस्तक कसं निवडायचं ते सांगा.”

“अरे, अपना धंदा क्या है? जो माल खराब, वो वापस आता है. जो अच्छा, वो नहीं आता. बस. तेरे टेबल पे जो किताब कभी नहीं आती, वो ले ले.”

मला हे एकदम पटलं. इतके दिवस ही गोष्ट माझ्या नाकासमोर होती आणि मी नाक्यावर हिंडत होते! मी बाहेर जायच्या मालाची रॅक बघायला लागले. तिथं एक जाडजूड निळं पुस्तक होतं. त्याचे गठ्ठेच्या गठ्ठे भरून जायचे. आणि माझ्या टेबलावर ते कधी, एकदाही आलेलं मला आठवेना. पॅकिंगच्या बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, हे तर पोत्यानं जातं. म्हणजे एवढे लोक घेतात आणि कुणीच परत करत नाही. याहून मोठा दाखला कुठला पाहिजे? मी ते मागवलं.

पुस्तक आलं ते घरमालकीण काकींच्या हातात. वळला त्यांच्या चाळीतली एक खोली आम्ही तिघीजणींनी घेतली आहे. काकींची भातशेती गाळ्यांखाली गेली. आता चाळ आहे, ओटा आहे आणि सगळ्या भाडेकरणींची उठाठेव आहे. खोलीत बसायला जागा नाही म्हणून सकाळी त्या मला त्यांच्या ओट्यावर बसू द्यायच्या. न मागता चहा द्यायच्या. त्या चहाचे उपकार मी विसरणार नाही.

“काय गो पोरी, ह्या बुकात दगर भरलान काय?” त्यांनी पाकीट तोलत विचारलं.

“कम्प्युटरचं आहे, काकी.”

“शिक, शिक. आमचे घरान कुनी शिकला न्हाय म्हनून तर जमिनीच्या कागदावर अंगठं झालं.”

दुसऱ्या पाळीला जायच्या आधी मी रोज सकाळी त्या ओट्यावर बसायची. एकेक शब्द फोनवर शोधायचा, त्याचा अर्थ शोधायचा, मग त्या अर्थाचा अर्थ. पहिल्याच पानावरच्या इंग्रजीचा अर्थ निघाला: ‘मागील सत्रात आपण पाहिल्याप्रमाणे.’ मागील सत्र कुठलं? मी पुस्तकाच्या पुढं-मागं शोधलं. मला वाटलं, पानं गळालीत. तपासायची सवयच ना. पानं सगळी जागेवर होती. मग वाटलं, डोकंच नाही आपल्याला. एवढे लोक वाचतात, एकही परत करत नाही, म्हणजे सगळ्यांना कळतंय. पुस्तक चांगलं आहे हे तर ठरलेलंच होतं, मग खोट माझ्यातच असणार. चिडून मी ते मिटायची, पुन्हा उघडायची, पुन्हा ‘मागील सत्र’.

परत करावं असंही मनात आलं. पण माझ्या नावाचं पाकीट फिरून माझ्याच टेबलावर आलं तर? कारणाच्या रकान्यात काय वाचणार मी? आणि माझी सुट्टी असली तर ते चाचांच्या हातात जाणार. या विचारातच परतीची मुदत निघून गेली.

गाळ्यात स्वतःचं पुस्तक नेता येत नाही. बाहेर पडताना गेटवर झडती असते. पुस्तक आपलं की मालातलं, कसं सिद्ध करणार? म्हणून मी मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि एकदा गेटबाहेरच्या टपरीवर मॅडम चहा घेताना दिसल्या तेव्हा भीतभीत दाखवला.

त्यांनी कपाळावर हात मारला. “हे? हे कशाला घेतलंत? हे आम्हाला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतं. घ्यावंच लागायचं, परीक्षा त्यावर असायची.”

“मग तुम्हाला कळायचं का?”

“छे हो. मी गाईड वाचून पास झाले. सगळेच व्हायचे.”

“पण मॅडम, हे कुणीच परत करत नाही.”

“परत कसं करतील? सक्तीचं आहे ना.”

बस्स. माझ्या दिवाळीपर्यंतच्या सकाळींतल्या बहुतेक सकाळी त्या ‘सक्तीच्या’ खाली गेल्या होत्या. मी चाचांवर उखडले.

“चाचा, तुमच्या त्या हिशोबानं माझी वाट लागली!”

“बेटा, हिसाब कपडे का था,” चाचा शांतपणे म्हणाले. “कपडा जबरदस्ती कौन पहनता है? हां, युनिफॉर्म भी वापस नहीं आता. ये मेरे को सोचना मंगता था.”

आता रागवायचं तरी कुणावर?

त्यानंतर मी टेबलावर येणारी कम्प्युटरची पुस्तकं नीट बघायला लागले. सगळ्यांची तीच बोटभर पट्टी. आणि एके दिवशी एक असं आलं की त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत मळकी होती. पातळ पुस्तक, मोठी अक्षरं, चित्रं, मुखपृष्ठावर एक रोबो आणि वर लिहिलेलं: ‘वय वर्षे दहा ते चौदा.’ असली पुस्तकं मी रोज बाजूला सारायची, पोरांची म्हणून. आत प्रत्येक धड्याखाली रिकामे चौकोन होते, उत्तर लिहायला. ते पेन्सिलनं भरलेले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. काही खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केलेला, पण दाबून लिहिलेलं, उठून दिसत होतं. अक्षर मुलाचं नव्हतं. बारीक, तिरकं, सही करणाऱ्या माणसाचं होतं. शेवटच्या पानावर चहाच्या कपाचा गोल. आणि परतीचं कारण? ‘मुलाला आवडलं नाही.’

मी ते धरून उभीच राहिले. कुणीतरी मोठ्या माणसानं मुलाच्या नावावर पुस्तक मागवलं, मुदतीच्या आत पूर्ण केलं आणि पैसे परत घेतले. आम्ही असल्या गिऱ्हाइकाला शिव्या घालतो. मी त्या दिवशी मनातल्या मनात आभार मानले. जी वस्तू मी भंगारात टाकणार होते, तिनंच मला सांगितलं की हे पुस्तक शेवटपर्यंत वाचता येतं. भंगारातलं उचलता येत नाही, गेटवर पकडतात. नाव पाठ केलं आणि संध्याकाळी नवं मागवलं.

ते मला कळलं. खरंच कळलं. इंग्रजी होतं, पण पोरांशी बोलावं तसं. एक वस्तू ठेवायला एक डबा, डब्याला नाव. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं तर फेरा. फोनवर दोन ओळी लिहिल्या आणि त्या चालल्या तेव्हा मी ओट्यावरून ओरडले, तर काकींनी निवडायला घेतलेली कोलंबी सोडून धावत येऊन विचारलं, “इंचू चावला काय गो?”

पण दिवाळी येऊन ठेपली होती. आणि मी आणखी एक गोष्ट करत होते, ती मला तेव्हा चूक वाटलीच नाही. उलट शहाणपण वाटत होतं. पहिल्या पुस्तकानं पोळलेली होते. यावेळी सणासुदीची म्हणून परतीची मुदत वाढवलेली होती. जागा मिळाली नाही, खातं गेलं, घरी जावं लागलं, तर निदान हे पैसे तरी परत येतील. आणि पुस्तक कोरं कसं ठेवायचं हे माझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक? मी हात धुऊन, कोरडे करून मगच ते घ्यायची. पूर्ण उघडायची नाही, पाठ मोडते. अर्धवट उघडून तिरकं वाचायची. वरचं पातळ प्लास्टिक जपून ठेवलेलं. चहा लांब. आणि ते चौकोन? त्यात टिंबसुद्धा दिलं नाही. पहिल्या हौसेनंतर फोनवर लिहून बघणंही मागं पडलं. पुढं जायची घाई होती. चौकोनातला प्रश्न वाचायची, मनातल्या मनात उत्तर द्यायची, पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी ताडून बघायची. बहुतेक बरोबर यायचं. बरोबर आलं की पुढं.

दिवाळी झाली. मॅडमनी वर बोलावलं. खुर्चीत बसवलं. गाळ्यात आल्यापासून कामाच्या वेळेत मी पहिल्यांदा खुर्चीत बसत होते. त्यांनी कागद दिला.

“सोपं विचारते, तुमच्याच कामातलं. टेबलावर खूप रिटर्न आलेत. त्यातले उघडलेले किती, ते मोजणारा प्रोग्राम लिहा.”

हे मला येत होतं! फेऱ्याच्या धड्यात जवळजवळ हाच प्रश्न होता, आणि मनात माझं उत्तर बरोबर आलं होतं. मी पेन टेकवलं आणि हात थांबला. आधी काय? डबा आधी की फेरा आधी? ओळ कुठून सुरू करायची? डोक्यात सगळं एकदम उभं होतं, पण कागदावर एकामागून एक उतरेना. शेवटी काहीबाही लिहून दिलं.

मॅडमनी वाचलं. “विचार बरोबर आहे. पण हे बघा, मोजणी शून्यावर आणायची ओळ तुम्ही फेऱ्याच्या आत लिहिलीत. म्हणजे प्रत्येक वस्तू हातात घेतली की आधीची मोजणी पुसली जाणार. कितीही माल आला तरी तुमचं उत्तर शून्य नाहीतर एक.”

दिसलं मला. सांगितल्यावर लगेच दिसलं. त्याचाच तर संताप.

“पुस्तकातली उदाहरणं हातानं सोडवलीत ना?”

“मनात सोडवली, मॅडम.”

“लिहून का नाही?”

खोटं बोलायला सुचलं नाही. “पुस्तकात लिहिलं तर परत जात नाही.”

त्या हसल्या. माझं तोंड बघून थांबल्या. “ताई, तुम्ही पुस्तक वाचलंत की चेक केलंत?”

जागा डिस्पॅचच्या एका पोराला गेली. त्याचा डिप्लोमा होता. मार्कशीट कुणी बघत नाही म्हणे! पण त्यानं माझ्याच प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिलं होतं, हे मॅडमनी मला कागद दाखवून सांगितलं. त्यांनी ते सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. म्हणून त्यांच्यावर धड चिडताही येईना. “मानकोलीला नवा गाळा होतोय, तिथं माणसं लागतील,” त्या म्हणाल्या. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला सुपरवायझरनं पॅकिंगला घेतलं. घरी जावं लागलं नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार. उभं राहणं तेवढं तसंच राहिलं. माझ्यासमोरून आता त्या निळ्या पुस्तकाचे गठ्ठे जातात. मीच टेप मारते.

रिटर्नचं खातं बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी चाचांचा निरोप घेतला. त्यांचा मुलगा त्यांना घरी बसा म्हणत होता.

“वो रोबोवाली किताब का क्या किया?” त्यांनी विचारलं. “मुदत है ना अभी? लौटा दे. मेरे को मालूम है, तूने एकदम फ्रेश पीस रखा होगा.”

“हो चाचा. कुणी ओळखणार नाही.”

“तो फिर? पैसा आ जाएगा.”

खरंच येणार होते. त्या सुट्टीला सकाळी मी पुस्तक प्लास्टिकसकट काकींच्या ओट्यावर आणलं. परतीचं फोनवर भरायला घेतलं. कारणं एकाखाली एक आली. वापरायचं नाही, चुकून मागवलं, अपेक्षेप्रमाणे नाही. रोज दुसऱ्यांची वाचलेली कारणं. यातलं एकही माझं नव्हतं. पुस्तकात काही खोट नव्हती. ते मी मागवलं त्या दिवशी होतं तसंच होतं, आणि मीही जवळपास तशीच होते.

“परत धाडतंस काय?” काकी सुपातले तांदूळ निवडत म्हणाल्या.

“काकी, पेन आहे का?”

“पेन हाय, पन त्ये दुधाच्या हिशोबाचा हाय. आणून दे हां लगेच.”

मी पुस्तक मधोमध उघडलं, मांडीवर उपडं घातलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. पाठ कट्‌कन वाजली. काकी दचकल्या. मग पहिलं पान काढलं. पहिल्या चौकोनाचा प्रश्न होता, आपलं नाव छापणारी एक ओळ लिहा. इतका सोपा, की मी तो मनातसुद्धा सोडवला नव्हता, वाचून पुढं गेले होते. मी पेनानं लिहिलं, तेच फोनवर उतरवलं आणि चालवलं. लाल ओळ आली. नावाच्या शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं होतं. पहिल्याच चौकोनात!

“बुक घाण का करतंस गो?” काकी म्हणाल्या. “कवरं चांगलं व्हतं.”

मी लिहिलेलं काट मारून खोडलं आणि खाली पुन्हा लिहिलं. शाई ओली होती, बोटाला लागून पानाच्या कडेला पसरली. हे पुस्तक माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी एका नजरेत भंगारात टाकलं असतं. मी दुसरा चौकोन काढला.